असू दे, लागेल

माझी निळी व्हॅन कुताईसीच्या गल्ल्यांतून फिरते.
टपावर भोंगा, भोंग्यात माझाच आवाज,
सात हिवाळ्यांपूर्वी सर्दीत रेकॉर्ड केलेला:
जुनं लोखंड, पत्रा, बाथटब, बॅटरी…
अख्ख्या गावाला वाटतं, ओतारला बारमाही पडसं.

आज पाचव्या मजल्यावरून नानुलीबाईंनी हाक मारली.
रसायनशास्त्र शिकवायच्या.
मला नापास केलंय त्यांनी, दोनदा.
त्यांच्या लिफ्टमध्ये वर जायला नाणं टाकावं लागतं,
उतरणं फुकट.

बाल्कनी त्यांनी काचा लावून बंद केलेली,
वीज नव्हती, पावाला रांगा होत्या, त्या वर्षी,
आणि तेव्हापासून तिथं कुणी उभं राहिलेलं नाही.
राहणार कुठे?
बरण्या. बरण्यांच्या मागे बरण्या,
झाकणं वेगळ्या पिंपात, एकही कशाला बसत नाही.
दोन शिवणयंत्रं, दोन्ही मुकी.
लेकाची एक स्की. एकच.
दुसरी कुठे, ते लेकालाही माहीत नाही,
तो बार्सिलोनात असतो, समुद्रापाशी.

मी म्हटलं, बाई, एवढं कशाला साठवलंत?
त्यांनी रॉकेलच्या शेगडीवरची धूळ बोटानं पुसली.
"हिनं आम्हाला तीन हिवाळे जगवलं.
तेव्हा जे टाकलं नव्हतं तेच कामाला आलं, पोरा.
मग टाकायचं कसं, तेच विसरले."

मी गप्प.
आमच्याही घरात तेव्हा
खुर्चीचे पाय जाळून पाणी तापवलं होतं.

"पण काल," त्या म्हणाल्या, "मला वीतभर सुतळी हवी होती.
माझ्याकडे सुतळीची एकोणीस रिळं आहेत.
मोजून. मला ठाऊक आहे.
सकाळपासून दुपारपर्यंत शोधली,
आणि शेवटी दुकानात जाऊन विसावं आणलं."

मग सुरू झालं.
प्रत्येक वस्तू त्या हातात घेत,
तराजूत घातल्यासारखी क्षणभर धरत,
आणि माझ्याकडे देताना तोंड फिरवत.
शेगडी मात्र त्यांनी ठेवली. मीही आग्रह केला नाही.
नऊ फेऱ्या. नऊ नाणी, माझ्या खिशातली.
सुतळी सापडली, सगळी,
बरण्यांच्या चौथ्या रांगेत, उंदरांनी आपली मानलेली.

संध्याकाळी खिडकीची कडी हाताला लागली.
गंजलेली. हातोडीनं दोन ठोके घातले.
काच उघडली तसा रिओनी नदीचा आवाज आत आला,
आणि त्यामागून समोरच्या बाल्कनीतून,
ओली चादर हातात तशीच धरून,
एक म्हातारी किंचाळली:
"नानुली! अगं, तू अजून इथेच राहतेस?"

पंचवीस पावलांचं अंतर.
मी खाली आलो तेव्हा दोघी
हवेतून एकमेकींवर ओरडत होत्या, खुशीत,
कोण मेलं, कोण आहे,
कुणाचे गुडघे बदलले.

व्हॅन भरली होती. गोदाम उजव्या वळणाला.
मी डावीकडे वळलो.
शिवणयंत्रांचे पाय टेबलाला चांगले होतील.
बरण्या कशाही होतील.
आणि स्की… जोडीदार मिळेल कुठेतरी,
असं वाटलं खरं.

घरी एतेरीनं फाटक अर्धंच उघडलं,
कारण तेवढंच उघडतं.
मागे तीन बाथटब, एकात कांदे,
सायकलींचा ढीग, शाळेची घंटा,
दारं, ज्यांना आता घरं नाहीत.
तिनं स्कीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मी म्हटलं, असू दे, लागेल.
ती काही बोलली नाही.

सकाळी भोंगा चालू करून निघालो,
पहिला शब्द संपतो न संपतो तोच
मागून मोठ्यानं हाक आली:
"ओ भंगारवाले!"
वळून पाहिलं.
बायको फाटकात उभी,
स्की खांद्यावर, बंदुकीसारखी.
"भाव काय लावणार?"

मी व्हॅन बंद केली.
आयुष्यात पहिल्यांदा
गिऱ्हाइकाशी घासाघीस जमली नाही.