डावीकडे सहा, उजवीकडे सहा

सरवटे स्टँडसमोर, जिन्याखालच्या खोलीत
सव्वीस वर्षं मी बसची तिकिटं फाडली.
उजव्या हातात पेन, डाव्यात सुट्टे,
आणि फोन
मानेत. खांदा वर, कान खाली,
मध्ये दाबलेलं खंडवा, बऱ्हाणपूर, रात्रीचं पुणं.
"खिडकी उरली नाही हो, मागची सीट आहे, चालेल?"
तेव्हा काही दुखत नव्हतं.
दुखायला वेळ नव्हता, असं म्हणा.

यंदाच्या थंडीत छप्पन दुकानवर
खोपरा पॅटीससाठी आ केला
आणि डाव्या कानापाशी टक् झालं.
नणंदेलाही ऐकू आलं.
"वहिनी, बटण तुटलं का कुठलं?"

त्यानंतर पोह्यांतली शेव टक्, जांभई अर्धी.
दातांचे डॉक्टर म्हणाले, दात झिजलेत,
रात्री काय चावता?
मला काय माहीत? मी झोपलेली असते.
हे म्हणाले, मला माहीत आहे,
पाट्यावर डाळ रगडावी तसा आवाज येतो.
इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी?
"तू दमलेली असायचीस."

सुदामानगरात अफशान नावाची मुलगी आहे, व्यायाम शिकवते.
तिनं माझीच बोटं उभी करून
माझ्याच तोंडात घालायला लावली.
तीन मावायला हवीत. दोन मावली,
दुसरं जरा तिरकं.
मग ती जबड्याला शिवलीच नाही.
मागे जाऊन मानगुटीवर दोन अंगठे रोवले.
"झगड़ा ऊपर का है आंटी, कचहरी नीचे लगी है।"

तर आता दिवसातून सहादा, सहा-सहा वेळा.
जीभ टाळूला. 'न' म्हणताना टेकते ना,
तिथंच ठेवायची, पण म्हणायचं नाही.
हे मला लहानपणापासून येतं.
तेही मी म्हटलं नाही.
दाताला दात नको. ओठ मिटलेले.
हनुवटी मागे, सरळ मागे,
कुणी अगदी नाकापुढे मोबाईल धरावा
आणि आपल्याला जवळचं दिसू नये, तशी.
तळहात गालाला लावून
गालानं हात ढकलायचा, हातानं गाल,
हलायचं कुणीच नाही.
लग्नाला एकतीस वर्षं झाली आमच्या,
हाही काही नवा नव्हता.

शेवटी मान फिरवायची. सावकाश.
डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मध्ये.

सोमवारी भोपाळची गेल्यावर जरा उसंत होती.
मी तिसऱ्या फेरीत होते, पोरवालजी वही घेऊन आले.
"ताई, शादियों का सीज़न है, इतवार को आ जाओगी ना?"
डावीकडे. उजवीकडे.
ते बघत राहिले.
डावीकडे. उजवीकडे.
इतक्या वर्षांत माझ्या मानेकडे
पहिल्यांदाच बघत असावेत.
"अच्छा," म्हणाले, "कोई बात नहीं,
भानजे को बिठा देंगे।"
आणि चष्मा पुसत निघून गेले.

सांगायला हवं होतं, शेठ, हा व्यायाम आहे.
पण जीभ टाळूला होती
आणि माझे अजून दोन राहिले होते.
ते मी मोजून पुरे केले.

रविवारी गच्चीत गव्हाला ऊन दिलं,
गराडू तळले, बारीक तुकडे, वर जीरावन.
सवयीनं बोटं घालून पाहिली. अडीच.
हे म्हणाले, अडीच कसं मोजतेस?
मोजता येतं.

आता कानाला तारेचं यंत्र आहे.
पोरवालजींनीच आणलं, पगारातून कापलं नाही
(अजून तरी).
मानेत कुणी नाही.
तरी कुठंही घंटी वाजली,
शेजारच्या दाराची, दुधवाल्याच्या सायकलची,
की डावा खांदा
आपला आपण वर येतो
काहीतरी धरायला.