उठतानाची भूक
भाटीच्या बंदरावर, पत्र्याच्या शेडवर
दोन पॅनेल, वर कावळ्यांची शीट.
पास्कू सकाळी फडका मारतो
आणि मग खाली येऊन बॅटरीला विचारतो :
किती?

ड्रिल चालतं. रंधा कुरकुरत चालतो.
पण कटरचं बटण दाबलं
की पहिल्या झटक्यालाच इन्व्हर्टर
टीं करून मान टाकतो.
एकदा फिरू लागला की कटर खातो थोडंच,
उठतानाच काय ती भूक.
‘आमच्या धाकट्यासारखा,’ पास्कू म्हणतो.

म्हणून फळ्या कापायच्या बारा ते दोन.
पंखा बंद, रेडिओ बंद,
फोनसुद्धा काढून ठेवायचा.

आज एकच्या सुमाराला ढग आला.
पातं फळीत अर्ध्यावर अडकलेलं,
होडी एका कुशीवर कललेली.
पास्कू वर बघत बसला,
बिडी ओठात, न पेटवता,
जणू तेवढ्या धुरानंही
ऊन उणं होईल.