तारांकित

येरेवानच्या ग्रंथालयात हीटर बंद, कोट अंगावरच.
आर्पेनिक कार्डं मांडते पत्त्यांसारखी.
ग्रीक न्युओस. लॅटिन नुरुस. रशियन स्नोखा.
संस्कृत स्नुषा, आणि पार दख्खनच्या कोपऱ्यात
झिजून झिजून उरलेली सून.
तिच्या स्वतःच्या भाषेत तर नुसतं नू,
दोन्ही स वाटेत कुठेतरी सांडले.

सगळ्यांच्या खाली ती लिहिते *स्नुसोस.
आधी चांदणी. चांदणी म्हणजे
असं म्हणताना कुणी कुणाला ऐकलेलं नाही.
शेवटचा ओस पुरुषी घाटाचा.
बाईच्या अंगावर हा कुणाचा अंगरखा?
तळटीपेत तीन मतं, तिन्ही एकमेकांना खोडणारी.

रविवारी शिराकच्या गावात, सासूच्या चुलीपाशी,
ती विचारते: तुम्हाला इथे नू म्हणायचे का हो?
वार्सेनिक अक्रोड फोडत राहते.
मग हात पुसते. तोंडावर रुमाल धरल्याची खूण करते.
सात बोटं. सात वर्षं.
सासऱ्यासमोर शब्द काढायचा नाही.
पाणी म्हणजे अंगठा ओठांशी.
पीठ म्हणजे तळव्यावर तळवा.
"आणि तुम्हाला हाक मारताना?"
"हाक कसली? चमचा आपटायचे भांड्यावर."
टरफलं गोळा करता करता हसते, थोडी जास्तच.

रात्री परतीच्या बसमध्ये
आर्पेनिक कोऱ्या कार्डावर चांदणी काढते.
पुढचं काही सुचत नाही.
खिडकीवर वाफ. अंधारात
ती तळव्यावर तळवा घासून बघते,
हलकेच, शेजारचा जागा होऊ नये म्हणून.