गलाई

देराच्या बाजारामागच्या बोळात
अण्णांनी तेवीस वर्षं सोनं आटवलं.
विट्याहून आणलेली मूस, तेजाबाचा वास,
भुवया कायमच्या करपलेल्या.
रात्री दुकानाचा केर, पायपुसणं,
हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून ठेवायचे.
"सोनं हरवत न्हाई, सुले. लपतं."

मी शारजात, तळघरातल्या प्रयोगशाळेत
सोनं वाढवते.
आधी बाटलीत नुसतं पाणी दिसतं,
मग तासाभरात कोऱ्या चहात आमसूल पडावं तसा रंग.
त्यात कांड्या. केसाच्या रुंदीत
हजारभर आडव्या झोपतील एवढ्या.

अण्णांनी बाटली उजेडाकडे धरली.
डावा गाल सुजलेला, बोलणं अर्ध्या तोंडानं.
"किती कॅरेट?"
कॅरेट नाही अण्णा, तुमच्या नखात अडकायचं
त्याहूनही कमी आहे हे.
गाठीत जाऊन बसतं. वरून न दिसणारा प्रकाश टाकायचा,
तो कातडीतून सहज आत जातो,
कांड्या तेवढ्या तापतात.
"किती?"
पन्नास अंश.
ते हसले, गाल धरून.
"एवढं तर जुलैत बसस्टॉपवर असतं!
आमचं हजारच्या वर गेल्याशिवाय हलत न्हाई."

सोनं नाही हलत. पेशी हरते.

"मग मला कधी?"
एसीचा आवाज तेवढा.
हे अजून उंदरांपुरतंच आहे, अण्णा.
त्यांनी बाटली जपून टेबलावर ठेवली,
गिऱ्हाइकाचा माल ठेवावा तशी.
"आन् उरलेलं सोनं?"
यकृतात साठतं.
"मग मेल्यावर उंदीर गाळून घ्या की."
शम्सा तिकडं पिपेट धुत होती, तिला काही कळलं नाही;
मी का हसतेय आणि का नाही, तेही.

प्रकाश जास्त झाला की कांड्या वितळून गोळे होतात,
पाणी आटपाडीच्या डाळिंबासारखं लाल,
आणि मग त्या बाटलीचा काही उपयोग नसतो.
आज तीन बाटल्या लाल झाल्या.
चौथ्या वेळी हात स्थिर राहिला.
सात नंबरच्या उंदराची गाठ
काळी खपली होऊन गळून पडली.

रात्री दीडला फोन केला.
ऑपरेशननंतर अण्णांना बोलता येत नाही, विसरले होते.
नुसता श्वास.
मी सांगितलं: सात नंबर.
पलीकडून नखानं फोनवर दोन टिचक्या आल्या,
नाणं खरं का खोटं बघताना
वाजवायचे तशा.
मग थोडं थांबून
आणखी एक.