काटकोन

मोडीचे सर दर मंगळवारी सव्वाचारला गोठतात.
तोंड उघडं, खडू हवेत,
फळ्यावर अर्धा 'ठ'.
कुमुद म्हणते, तुमचं ते जरा बघा.
तुमचं म्हणजे तार, खांब, डबा,
जगात जे जे दोन टोकांत ताणलेलं आहे
ते सगळं माझ्या नावावर.
एकतीस वर्षं टेलिफोनात होतो.

बघितलं.
राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
तीसच का, कुणाला माहीत नाही;
विसाव्याला चालू केला तर पाप लागत असावं.
फ्रीजवरून काढून शोकेसवर ठेवला,
शोकेसवरून देवघराशेजारी,
तिथे कुमुदने ठेवू दिला नाही.
पासवर्ड बदलला. समोरच्या वैतींचा मुलगा
दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही,
त्यावरून काय ते कळलं,
पण वेग तसाच.
पैसे शंभराचे, हाती साडेतीन.
पडद्यावरचं चक्र
जेवून शतपावली घालणाऱ्या माणसासारखं
कुठेही न जाता चालत राहिलं.
कंपनीला फोन लावला. बाई म्हणाल्या,
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
मी अर्धा तास महत्त्वाचा राहिलो.

तांब्याचं बरं होतं.
तांब्याला कान लावता यायचा.
खारेगावात खाडीच्या अंगाला, खड्ड्यात उतरून,
गुडघाभर पाण्यात
दोनशे जोड्यांतली आजारी जोडी
मी आवाजावरून ओळखायचो:
पाणी शिरलं की तळणीसारखी,
जोड सुटला की दमेकऱ्यासारखी.
ही नवी तारसुद्धा कानाशी धरली, कुमुद नसताना.
काच बोलत नाही.

शनिवारी कौशाहून जुनैद आला.
वय माझ्या नोकरीपेक्षा कमी.
मीटर लावला. उणे एकोणतीस.
"अंकल, आतून वायर कोणी फिरवली?"
मी.
छाती काढून सांगितलं, कारण कामच तसं होतं.
कंपनीच्या पोरांनी लोंबती सोडलेली तार
रंगकाम झाल्यावर मी भिंतीच्या कडेकडेने नेली,
वीतभर अंतरावर क्लिप,
आणि प्रत्येक कोपऱ्यात काटकोन.
गुण्या लावून बघा.
ठाण्यातल्या एकाही साहेबाने
माझ्या काटकोनाला कधी नाव ठेवलं नाही.

जुनैद काही बोलला नाही.
खिशातून पेनसारखं काहीतरी काढलं,
तारेच्या टोकाला लावलं,
म्हणाला, पडदे ओढा.

मग दिसलं.
दाराच्या चौकटीपाशी एक लाल ठिपका,
कपाटामागे एक,
टीव्हीखाली दोन,
स्वयंपाकघराच्या वळणावर तर चांगला निखारा.
जिथे जिथे नखाने दाबून,
वर हातोडीची हलकी टिचकी देऊन
मी तार शिस्तीत बसवली होती
तिथे तिथे पांढऱ्या सालीतून
उजेड बाहेर सांडत होता.
अगबाई, कुमुद म्हणाली, किती छान दिसतंय.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"तांबा वाकतो, अंकल. याला गोल लागतं.
बांगडीएवढं तरी."

स्टुलावर मीच चढलो, त्याला चढू दिलं नाही.
एकेक क्लिप उचकटली, रंगाचे टवके पडले.
सव्वीस. तेवीस. टीव्हीखालचे दोन सुटले तशी एकवीस.
शेवटच्या कोपऱ्याला उणे एकोणीस.
पोराने चहा घेतला, बिस्किट नको म्हणाला,
माझी खात्यातली पक्कड उचलून
हातात तोलून बघितली.
"अशी आता मिळत नाही."
मला तेवढं पुरलं.

हॉलच्या चारही कोपऱ्यांत आता
तारेचे सैल वळसे लोंबतात.
गबाळं दिसतं. येताजाता खुपतं.
पण मंगळवारी सव्वाचार वाजून गेले
आणि सर हलत राहिले, 'ठ' पुरा झाला.
कुमुदने वहीत आधी आडवी रेघ ओढली,
मग लेखणी न उचलता
एका अक्षरातून दुसरं काढत गेली.
मी मागे उभा राहून
त्यात कुठे काटकोन सापडतो का बघत होतो.

रात्री वैतींच्या मुलाला नवा पासवर्ड सांगितला,
जिन्यातूनच, मोठ्याने.