तीन लिटर

पुण्याच्या दुकानातला पोरगा फोनवर विचारत होता,
मॅडम, दिवसाला किती पाणी लागतं तुम्हाला?
मला हसू आलं.
बाळा, आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो.
किती लागतं ते नको,
कितीत भागतं ते विचार.

तरी त्यानं नळीवाली पिशवी पाठवलीच.
निळी, लिबलिबीत, पाठीला चिकटणारी,
नळी तोंडात धरली की रबरी चपलेचा वास.
आणि किती उरलं ते कळतच नाही.
पिंपात कोपरापर्यंत हात घालून
तळ चाचपत वाढलेली मी,
न दिसणारं पाणी मला चालत नाही.

मग माळ्यावरून काढली अण्णांची छागल,
विजापूर रोडवर ट्रकच्या आरशाला
वीस वर्षं लटकत गार झालेली.
भिजत घातली. रात्रभर गळली.
सकाळी धागे फुगले, गळणं झिरपण्यावर आलं.
पाणी काय गार!
थोडी किंतानाची चव, थोडी डिझेलची.
रविवारी तिला घेऊन हिप्परग्याच्या तलावापर्यंत चालले.
एप्रिल. सातलाच ऊन डोक्यावर.
निम्मं पाणी मी प्याले, निम्मं वारा.
तलावात चिखलाच्या खपल्या.

शेवटी दोन साध्या बाटल्या घेतल्या,
उजेडात धरल्या की रेघ दिसणाऱ्या,
आणि तिसरं लिटर घडीच्या पिशवीत.

जेवणाचं सोपं वाटलं होतं.
कुमुदिनी येमुल पाकिटं घेऊन आली,
उकळतं पाणी ओत, दहा मिनिटं थांब, राजमा.
पाकीट उलटून वाचलं: पाणी तीनशे मिली.
म्हणजे आधी राजमा जेवणार,
मग मी.

बाळीवेशीत शरणव्वाकडं गेले.
कडक भाकरीची चवड, बोटानं वाजवली तर टणटणीत.
"किती दिवसाची पायजे, यव्वा?"
चार.
"देवाला निघालीस?"
नाही. डोंगरात. चालायला.
"चालून?"
चालून परत.
ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली,
मग न विचारता दोन भाकरी जास्तीच्या घातल्या
आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

शेंगाचटणी दीडशे ग्रॅम.
चटणीनं तहान लागते, म्हणून निम्मी काढली.
रात्री डबा उघडून
पुन्हा घातली.

मेहबूबभाईंच्या भंगारकाट्यावर पाठपिशवी ठेवली.
नऊ किलो दोनशे.
"ताई, ह्यातलं काय काढायचं?"
काय काढणार?
गोधडी नाही, चादर नाही (सोलापूरची असून),
टॉर्च, मीठ, गूळ, एक जोड कपडे.
तीन किलो तर पाणीच,
आणि ते पिऊनच कमी होणार.

निघायच्या रात्री पावणेदोनला नळ आला.
आधी फुसफुसला, मग खाकरला, मग धार.
साडेतीनची गाडी.
चार दिवस घरात कुणी नसणार,
अण्णा जाऊन तर सहा वर्षं झाली.
तरी उठले.
पिंप भरलं, बादल्या, घागर, दोन्ही कुकर,
दुधाचं पातेलं, तांब्या, पेला,
खिळ्याला टांगलेली छागल.
सगळ्यात शेवटी माझ्या दोन बाटल्या.

पिशवी पाठीवर चढवली, बंद आवळले,
दिवा घालवला.
दारापर्यंत गेले आणि ऐकू आलं, टप्. टप्.
चपला काढून परत आत आले,
छागलीखाली परात सरकवली,
मग कुलूप लावलं.