गोलकीपरचे पॅड

गॅलरीत पॅड वाळत घातलेत.
घामाचा तो वास आता
खालच्या मजल्यावरच्या पाटसकरांनाही पाठ झालाय.
जुनेच घेतले, खडकीतल्या एका पोराकडून,
तरी दोन महिन्यांचं शिवणकाम त्यात गेलं.

पहाटे पाचला स्कूटर काढते.
बोपोडीचा सिग्नल तेव्हा नुसता पिवळा मिचकावत असतो.
मिथिला माझ्या पाठीला डोकं टेकून झोपते,
मांडीवरच्या हेल्मेटची जाळी
मला कमरेत टोचत राहते.

नेहरूनगरला खेळाआधी टर्फवर पाणी मारतात.
आमच्या नळाला दिवसाआड.
हे मी कुणाला बोलत नाही.

जाऊबाई विचारतात, यातून मिळणार काय?
रेल्वेत नोकरी, म्हणते मी. खेळाडूंचा कोटा असतो.
हे वाक्य इतकं वापरलंय
की जुन्या नोटेसारखं घडीवर फाटायला आलंय.

यंदा राज्याच्या संघात तिचं नाव नव्हतं.
यादी तिनं खालून वर वाचली,
मग वरून खाली.
गाडीवर गप्प.
घरी येऊन कुकर लावला,
तीन शिट्ट्या मोजल्या.

ओजसची चित्रकलेची शिकवणी जूनपासून बंद आहे.
त्यानं हिशेबाच्या वहीत
बहिणीला काढलंय: हात पसरलेली,
आणि तिच्या मागचा गोलपोस्ट
आमच्या घराएवढा.
खिडक्या आहेत त्याला. गॅलरी आहे.
गॅलरीत वाळणारे पॅडसुद्धा.

मी ते पान फाडलं नाही.
कडेला जागा होती, तिथे लिहिलं:
पॅडचे नवे पट्टे, साडेतीनशे.